पाणी असेल तिथे

नोव्हेंबर अखेरच्या एका मंगळवारी आम्ही दोघे बामणोलीला गेलो, ते आमच्या लग्नाला 34 वर्षे झाली म्हणून, आणि मंगळवारीच गेलो ते रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते म्हणून. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठारावरून पलीकडे उतरत गेले की सुमारे 35 किलोमीटरांवर रस्ता कोयनेच्या जलाशयापाशी येऊन ठेपतो. पठारावरची फुले केव्हाच सरली होती आणि गवत पिवळे पडले होते. 2012 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या त्या माळावर आमच्याखेरीज दोन म्हशी तेवढ्या होत्या, आणि त्यांना त्या मानाचे काही वाटत असल्याचे दिसले नाही.

बामणोलीला वासोटा किल्ल्यावर जाणाऱ्या तरण्या मंडळींच्या लाँच सकाळीच निघून गेल्या होत्या. आमच्या गुडघ्यांनी वासोट्याचा विषय काही वर्षांपूर्वीच निकालात काढला असल्यामुळे आम्ही साधी फेरी घेतली: सोळशी आणि कांदाटी या नद्या जिथे कोयनेला मिळतात त्या त्रिवेणी संगमापर्यंत जायचे, आणि जेवणाच्या वेळेला परत यायचे. दहा-बारा माणसांच्या लाँचमध्ये आम्ही दोघेच होतो. नारिंगी जाकिटे घालून समोरासमोर बसलेले आम्ही दोघे, कुणी पाहिले असते तर एखाद्या कवायतीला उशिरा पोहोचलेल्या जोडप्यासारखे दिसलो असतो.

संगमाच्या अलीकडे लाँचवाल्याचा फोन वाजला. फोन ठेवून तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, “काकू, आतल्या एका वाडीतनं एक म्हातारी न्यायचीय. पंधरा मिन्टं थांबलो तर चालंल का?” प्रश्न मला विचारला होता, पण “चालेल, चालेल” असे उत्तर ह्यांनी दिले. बँकेतली नोकरी संपल्यापासून ह्यांना थांबण्याची फार हौस आहे. त्या वाडीचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही. तिथली शांतता तिच्यापाशीच राहिलेली बरी.

लाँच एका अरुंद खोबणीत शिरली, इंजिन बंद झाले, आणि डिझेलचा वास हळूहळू विरत गेला. बंदर म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर दगडी पायऱ्या, लोखंडी कड्या, टोपल्या आणि आरडाओरडा असे चित्र येते. ह्या ठिकाणी मात्र लाल मातीचा एक उतार होता, त्यावर एक फळी टाकलेली होती आणि लाँचचा दोर एका वाळक्या खोडाला बांधला होता. “धक्का कुठे आहे?” असे मी विचारले, तेव्हा लाँचवाला हसला. “धक्का असा न्हाई काकू. पाणी असंल तिथं धक्का.”

मग त्याने उतारावरच्या खुणा एकेक करून दाखवल्या. पावसाळा संपताना धरण काठोकाठ भरलेले असते, तेव्हा दोर वरच्या जांभळीला बांधायचा. दिवाळीनंतर पाणी उतरू लागले की ह्या खोडाला, संक्रांतीच्या सुमारास त्याखालच्या एका धोंड्याला, आणि पुढे बांधायला काही उरतच नाही म्हणून चिखलात मेख ठोकायची. मे महिन्यात इथल्या माणसाला लाँच गाठायची तर डोक्यावर बोचके घेऊन भेगाळलेल्या गाळातून खाली, आणखी खाली उतरत जावे लागते. आपल्या घरासमोरचा बस थांबा दर महिन्याला वीस पावले पुढे सरकला, तर आपण नगरपालिकेवर मोर्चा नेऊ. इथे कुणी मोर्चा नेत नाही, फळी नेतात.

एवढे ऐकल्यावर ह्यांच्यातला हिशेबनीस जागा झाला. कोयना धरणाची साठवण 105 टीएमसी, एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, पूर्ण भरल्यावर पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे 659 मीटर, असे आकडे ह्यांना तोंडपाठ आहेत, कारण पावसाळ्यात आमच्या घरी सकाळच्या चहाबरोबर वर्तमानपत्रातला धरणाचा साठा मोठ्याने वाचण्याची पद्धत आहे. पण त्या दिवशी ह्यांनी सांगितलेली एक गोष्ट मात्र, आधी ठाऊक असूनही, मला प्रथमच खरी वाटली. कोयना महाबळेश्वरला उगम पावते, दक्षिणेकडे धावते, हेळवाकपाशी पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. तिचे पाणी बंगालच्या उपसागराचे. धरण झाल्यावर त्यातले पुष्कळसे पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे उतरवले जाते, तिथे वीज तयार होते, आणि मग ते वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जाते. म्हणजे आमच्या लाँचखाली जे पाणी डुलत होते, त्याला कुठे जायचे हे त्याचे त्यालाही माहीत नव्हते.

“अहो, पण ह्यातले कुठले कुठे जाणार, हे ठरवते कोण?” मी विचारले.

“विजेची मागणी,” हे म्हणाले. एरवी माझ्या प्रश्नांना ह्यांची इतकी नेमकी उत्तरे मिळत नाहीत.

पंधरा मिनिटांचा अर्धा तास झाला, अर्ध्या तासाचा तास. लाँचवाला फळीवर पाय सोडून बसला आणि जाळ्याचे एक तुटलेले टोक सोडवू लागला. काठावर एक बगळा इतका वेळ एकाच जागी उभा होता की तो खोटा असावा, अशी मला शंका येऊ लागली. आम्ही बरोबरच्या पोळ्या, बटाट्याची भाजी आणि मिरचीचा खर्डा काढून तिघांनी खाल्ला. घरी आम्ही गप्प बसलो की दोघांपैकी एकाला तरी वाटते, दुसऱ्याचे काही बिनसले आहे, त्या उतारापाशी आम्ही जवळजवळ वीस मिनिटे एक शब्द बोललो नाही आणि कुणी कुणाला “काय झालं?” असे विचारले नाही. नंतर ह्यांनी उठून एक वाळकी काटकी शोधली आणि पाणी जिथे मातीला टेकले होते, नेमकी तिथे ती रोवली. पाणी तासाला किती उतरते ते पाहायचे, असा हेतू होता. मी हसले. ह्यांनी घड्याळात पाहून वेळ लक्षात ठेवली.

शेवटी वरच्या पायवाटेने आजी आल्या. हातात कापडी पिशवी, पाठीमागे नाचणीचे गाठोडे घेतलेला नातू. डोळे दाखवायला साताऱ्याला निघाल्या होत्या. मुलगा मुंबईला माथाडीत, त्याने फोनवरून सगळे ठरवले होते. “लई वेळ बसवलं तुमाला,” असे म्हणत त्या माझ्या शेजारी टेकल्या, आणि जाकीट घालायला नको म्हणाल्या. लाँचवाल्याने ते घातलेच.

मी त्यांना विचारले, तुमची वाडी पहिल्यापासून इतक्या वरच होती का? त्यांनी हनुवटीने लाँचच्या बाहेर, पाण्याकडे दाखवले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला पाणी अडू लागले तेव्हा त्या आठ-नऊ वर्षांच्या होत्या. पुष्कळ लोकांना सरकारने दूर दूर जमिनी दिल्या, ते गेले. आजींचे घर वर सरकले. “उन्हाळ्यात पानी गेलं की आमच्या शेताच्या ताली दिसत्यात,” त्या म्हणाल्या. “हिरीचं तोंडबी दिसतं. मग पाऊस आला की पुन्यांदा न्हाई.” त्यात गहिवर नव्हता, चुलतभावाचे घर कुठल्या गल्लीत आहे हे सांगावे, तसे त्या सांगत होत्या. मग त्यांनी माझ्या खर्ड्यात लसूण कमी आहे की काय, अशी चौकशी केली. वासावरूनच त्यांना ते कळले होते, आणि ते खरेही होते.

लाँचवाला दोर सोडायला उतरला. त्याच्यामागोमाग हेही उतरले आणि काटकीपाशी उकिडवे बसले. पावणेदोन तास झाले होते. पाणी बोटाच्या पेरापेक्षाही कमी, पण उतरले आहे, असे ह्यांचे म्हणणे पडले. आपल्याच लाँचच्या लाटेने काठ ओला झाला आणि वाळला, एवढेच ते आहे, असे माझे. लाँचवाल्याला पंच नेमले, तर तो म्हणाला, काका म्हणत्यात तसं असंल आणि काकू म्हणत्यात तसंबी असंल, पण आता निघूया, आजीची यष्टी चुकंल. हे काटकी उपटायला वाकले. मी म्हटले, राहू द्या.