कीपर कोणाला ठेवू?

ऑगस्ट उजाडला की माझ्या फोनवर हा प्रश्न यायला लागतो. "ताई, कीपर कोणाला ठेवू?" विचारणारे बहुतेक पुण्या-ठाण्याहून न्यू जर्सीत नोकरीला आलेले, ऑफिसच्या फॅन्टसी फुटबॉल लीगमध्ये बारावा भिडू कमी पडला म्हणून ओढले गेलेले. २०१३ साली मीही अशीच ओढली गेले. फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा, एवढंच तेव्हा मला माहीत होतं. नवरा अजूनही क्रिकेटखेरीज काही बघत नाही, आणि रविवारी दुपारी मी टीव्हीसमोर बसले की "तुझी शेअर बाजाराची वेळ झाली" म्हणतो.

तो तितकासा चुकत नाही. फॅन्टसी फुटबॉलमध्ये आपण अमेरिकन फुटबॉलमधल्या खऱ्या खेळाडूंचा कागदावरचा संघ बांधतो. त्यांनी मैदानात काढलेल्या यार्डांचे आणि टचडाउनचे, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपार नेल्याचे, गुण आपल्याला मिळतात. धावून किंवा पास झेलून मिळवलेल्या दहा यार्डांना एक, टचडाउनला सहा, आणि आमच्या लीगमध्ये झेललेल्या प्रत्येक पासला आणखी एक. ऑगस्टअखेर ड्राफ्ट होतो. बारा जण पाळीपाळीने एकेक खेळाडू उचलतात, आणि फेरी संपली की क्रम उलटा फिरतो. पहिला नंबर लागला तर तुमची दुसरी निवड थेट चोविसावी. सहावा लागला तर सहावी, एकोणिसावी, तिसावी, त्रेचाळिसावी. आणि कीपर म्हणजे गेल्या वर्षीच्या संघातला एक खेळाडू ड्राफ्टआधीच राखून ठेवणं.

आयपीएल बघणाऱ्याला हे एका वाक्यात कळतं. २०२४ च्या अखेरीला मुंबई इंडियन्सने बुमराह १८ कोटींना, सूर्यकुमार आणि हार्दिक १६.३५ कोटींना, रोहित १६.३० कोटींना आणि तिलक वर्मा ८ कोटींना राखला. म्हणजे १२० कोटींतले ७५ लिलावाआधीच संपले. आमच्याकडे कोटींऐवजी फेऱ्या खर्च होतात. गेल्या वर्षी ज्या फेरीत खेळाडू घेतला, त्याच्या दोन फेऱ्या वरची निवड त्याच्यापोटी सोडायची. मधल्या हंगामात फुकट, म्हणजे वेव्हरवरून, उचललेला असेल तर दहावी फेरी सोडायची. पहिल्या दोन फेऱ्यांतले राखता येत नाहीत, आणि एकच खेळाडू सलग दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. तुमच्या लीगचे नियम वेगळे असतील. ते आधी नीट वाचा. निम्म्या लोकांनी वाचलेले नसतात.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "कोणाला ठेवू" असं कोणी विचारलं की मी उलट विचारते, "कितव्या फेरीत पडतोय?" यावर बहुतेक जण गप्प होतात. खेळाडूचं नाव, त्याचे गेल्या वर्षीचे टचडाउन, डिसेंबरात त्याने आपल्याला जिंकून दिलेला सामना, सगळं तोंडपाठ असतं. फेरी आठवत नाही. पदरी पडलं आणि पवित्र झालं, असा सगळा मामला. राखायची असते ती किंमत, खेळाडू तिच्यासोबत आपोआप येतो.

हे शहाणपण मला कुठल्या पॉडकास्टने दिलेलं नाही. २०२३ च्या पहिल्या रविवारी लॉस एंजेलिस रॅम्सच्या पुका नाकुआ नावाच्या नवख्या मुलाने दहा पास झेलून ११९ यार्ड काढले. खऱ्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगच्या, तो पाचव्या फेरीत १७७ वा गेला होता, आमच्या ड्राफ्टमध्ये त्याचं नावही कोणी घेतलं नव्हतं. मी मंगळवारी रात्री त्याला वेव्हरवरून उचललं, तेही दुसरा कोणी दिसला नाही म्हणून. पुढच्याच आठवड्यात त्याने पंधरा झेलले. हंगाम संपेस्तोवर १०५ पास आणि १४८६ यार्ड झाले होते, नवख्याचे तोवरचे दोन्ही विक्रम. २०२४ मध्ये मी त्याला दहाव्या फेरीच्या मोबदल्यात ठेवलं. बाजारात, म्हणजे इतरांच्या ड्राफ्टमध्ये, तो दुसऱ्या फेरीच्या आसपास जात होता. मी महिनाभर मिशीला पीळ देत फिरत होते, मिशी नसताना.

आणि पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला. ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत तो बाहेर.

त्याच आठवड्यात आमच्या लीगमध्ये आणखी एक घर बसलं. पहिल्या नंबरवाल्या सहकाऱ्याने रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा, ख्रिश्चन मॅकॅफ्री घेतला होता. त्यात काही चूक नव्हती. आदल्या वर्षी २१ टचडाउन करणारा गडी, त्याला त्या नंबरवर कोणीही घेतलं असतं. सोमवारी रात्रीचा सामना सुरू व्हायला तास-दीड तास असताना बातमी आली की तो खेळत नाही. त्याच्या जागी जॉर्डन मेसन उतरला आणि १४७ यार्ड पळाला. मॅकॅफ्री अख्ख्या हंगामात फक्त चार सामने खेळला.

दुखापत दोघांना झाली. पण त्या सहकाऱ्याची पहिली निवड गेली आणि पुढची चोविसावी होती. माझी गेली दहावी, जिच्यात एरवी मी एखादा राखीव खेळाडू घेतला असता आणि तिसऱ्या आठवड्यात सोडून दिला असता. तो शेवटून दुसरा आला, मी प्लेऑफमध्ये गेले. म्हणून हल्ली कीपर निवडताना तो चालला तर काय मिळेल याच्या आधी मी बघते, की नाही चालला तर खिशातून काय जाईल.

आता हिशेब. खेळाडू यंदा बाजारात साधारण कितव्या फेरीत जातोय ते बघा आणि तुम्हाला कितवी सोडावी लागतेय ते बघा. पण सरळ वजाबाकी करून थांबू नका. या जिन्याच्या वरच्या पायऱ्या उंच असतात आणि खाली जाल तशा बसक्या होत जातात. पहिल्या आणि तिसऱ्या फेरीतल्या खेळाडूंमध्ये जितकं अंतर असतं, तितकं दहाव्या आणि चौदाव्यात नसतं. त्यामुळे चौदावी सोडून दहावीच्या लायकीचा माणूस मिळतोय, चार फेऱ्या वाचल्या म्हणून हुरळून जाण्यात अर्थ नाही. तिसऱ्या फेरीच्या दरात पहिल्या फेरीचा माणूस मिळत असेल, तर दोनच फेऱ्या वाचल्या तरी तो ठेवावा.

दुसरं, जागा कोणती ते बघा. आमच्यातला एक जण २०१८ मध्ये क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, पॅट्रिक महोम्सला दहाव्या फेरीत घेऊन बसला. त्या वर्षी महोम्सने ५० टचडाउन फेकले आणि हा जिंकला. २०१९ ला आठवी फेरी देऊन त्याने त्याला राखलं, आणि आम्ही सगळे जळलो. त्या वर्षी महोम्स गुडघ्याच्या दुखापतीने दोन सामने बसला आणि २६ टचडाउनवर थांबला. आणि लमार जॅक्सन, ज्याला बऱ्याच ठिकाणी ड्राफ्टच्या उत्तरार्धात कोणीतरी सहज उचललं होतं, त्याने ३६ टचडाउन फेकून वर १२०६ यार्ड पळून दाखवले. महोम्सला राखणं मूर्खपणाचं होतं असं मी म्हणत नाही, आठव्या फेरीत तो स्वस्तच होता. पण एनएफएलमध्ये संघ ३२ आणि आमच्या बारा जणांना प्रत्येकी एकच क्वार्टरबॅक लागतो. वीस उरतात. त्यातला एखादा दरवर्षी उजळून निघतो. रनिंग बॅक मात्र प्रत्येकाला दोन लागतात, म्हणजे चोवीस, आणि ज्याच्या हातात प्रशिक्षक दिवसभर चेंडू देतो असे चोवीस आजकाल सापडत नाहीत. म्हणून खेळाडूने किती गुण केले यापेक्षा, त्याच जागेवर फुकट मिळणाऱ्यापेक्षा किती जास्त केले हे बघायचं. किकर, म्हणजे चेंडूला लाथ मारून गुण काढणारा, शेवटच्या फेरीत. यावर मी वाद घालत नाही.

एक गंमत मात्र सांगते. हा खेळ १९६२ साली न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात जन्माला आला. ओकलंड रेडर्सचे भागमालक बिल विंकेनबाख यांनी सोबतच्यांबरोबर बसून नियम लिहिले, आणि पुढच्या वर्षी ओकलंडमध्ये पहिला ड्राफ्ट झाला. त्यातली अगदी पहिली निवड होती जॉर्ज ब्लांडा. हा माणूस क्वार्टरबॅकही होता आणि किकरही. ज्या दोन जागा उशिरा घ्या म्हणून मी दरवर्षी घसा कोरडा करते, त्या दोन्ही एकाच माणसात, तेही सगळ्यांच्या आधी.

माझ्या स्वतःच्या ड्राफ्टबद्दल बोलायचं तर २०१८ सांगावंच लागेल. दुसऱ्या नंबरला मी पिट्सबर्गचा रनिंग बॅक लेव्हियॉन बेल घेतला. कराराच्या भांडणामुळे तो सरावाला आला नव्हता, पण "येईल हो, पैसे कोण सोडतंय" असं मी सगळ्यांना सांगत होते. त्याचा बदली जेम्स कॉनर नवव्या फेरीत माझ्या समोर होता. मी डिफेन्स, म्हणजे एका संघाचा अख्खा बचाव, घेतला. जॅक्सनव्हिलचा, कारण आदल्या वर्षी तो भयंकर होता. बेल त्या हंगामात एकही दिवस आला नाही. कॉनरने पहिल्या सामन्यात १३५ यार्ड आणि दोन टचडाउन केले, त्या आठवड्यातल्या माझ्या प्रतिस्पर्ध्याच्या संघातून. जॅक्सनव्हिल पाच जिंकून अकरा हरलं. मी बारावी आले.

आमच्यात शेवटच्याला दंड असतो. पुढच्या ड्राफ्टला सगळ्यांचं जेवण त्याच्याकडे. मी मिसळ नेली. कट वेगळ्या पातेल्यात, त्यावर बोटभर तर्री, आणि "तर्री म्हणजे काय" हे समजावण्यात पहिल्या दोन फेऱ्या गेल्या. तेव्हापासून माझ्या संघाचं नाव तर्री आहे. नवीन लोकांना वाटतं टेरी नावाचा कोणी माणूस आहे.

पण ड्राफ्टच्या दिवशी खरं नुकसान करतो तो राग आणि लोभ. आमचा एक सहकारी न्यूयॉर्क जायंट्सचा जन्माचा भक्त. २०२४ मध्ये रनिंग बॅक सेक्वॉन बार्कली जायंट्स सोडून त्यांच्या हाडवैऱ्यांकडे, फिलाडेल्फिया ईगल्सकडे गेला. न्यू जर्सीच्या मध्यभागी राहणाऱ्यांना याचा अर्थ सांगायला नको, इथे एका गल्लीत दोन्ही झेंडे असतात. ड्राफ्टमध्ये अकराव्या नंबरला बार्कली त्याच्यापुढे होता. ईगल्सची पुढची, पळणाऱ्याला वाट करून देणारी फळी लीगमधल्या उत्तम फळ्यांपैकी एक, बॅकला याहून चांगलं सासर नाही. गड्याने तोंड फिरवलं. बाराव्याने टाळी वाजवून घेतला. बार्कलीने त्या वर्षी २००५ यार्ड काढले. त्यातले १७६ ऑक्टोबरात जायंट्सच्याच घरी, मेटलाइफ स्टेडियमवर, जायंट्सविरुद्ध, २८-३ च्या सामन्यात. आमचा मित्र तिकीट काढून तिथे बसला होता.

माझा राग नसतो, माझे आडाखे असतात. तिशी गाठलेला रनिंग बॅक घ्यायचा नाही हा त्यातला लाडका. २०२४ मध्ये तिशीचा डेरिक हेन्री बाल्टिमोरला गेला, मी नाक मुरडलं, त्याने १९२१ यार्ड काढले. तरी आडाखा मी सोडलेला नाही. विशेषतः कीपरसाठी, कारण तिथे दोन वर्षांचा विचार असतो. रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, जास्त टिकतात. दोन नावांची किंमत सारखी पडत असेल तर मी तरुण रिसीव्हर ठेवते.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. इंटरनेटवरच्या याद्या कीपर नसलेल्या ड्राफ्टच्या असतात. तुमच्या लीगचे बाराही कीपर जाहीर झाले की ती यादी छापा, बारा नावांवर काट मारा, आणि कोणाची कितवी निवड गेली ते समासात लिहा. मग दिसतं की पाचव्या नंबरला तुम्हाला जो मिळतोय तो यादीतला पाचवा नाही, नववा आहे, आणि तुमच्या शेजारच्याला चौथी फेरीच नाही, म्हणून तुमचा माणूस आणखी एक चक्कर थांबेल. हे काम अर्ध्या तासाचं आहे. मी ते कणीक भिजत ठेवून करते.

शेवटच्या चार फेऱ्यांत पुढच्या वर्षाकडे डोळा ठेवा. तिथे नावाजलेला, उतरणीला लागलेला माणूस घेण्यापेक्षा नवखा रिसीव्हर किंवा एखाद्या मोठ्या बॅकचा बदली घ्या. लागला तर दोन वर्षं स्वस्तात, नाही लागला तर पहिल्या मंगळवारी सोडून द्या. नोव्हेंबरात तुमचं प्लेऑफ हुकलं की हंगाम संपला असं समजू नका, पुढच्या वर्षीचा कीपर वेव्हरवरून उचलायला तीच वेळ, तेव्हाच बाकीच्यांचं लक्ष नसतं.

नाकुआचं पुढे काय झालं हेही विचारता. २०२५ ला मी त्याला आठवी फेरी देऊन पुन्हा ठेवला. दोन वर्षं भरली. यंदा तो परत पाटीवर येणार, पहिल्या फेरीतल्या भावाने, आणि मला त्या भावात त्याला घ्यायचा नाही, हे मी नवऱ्याला तीनदा सांगून झालंय. तो म्हणतो, मग चौथ्यांदा कशाला सांगतेस.

ड्राफ्ट ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी आहे. दंड यंदा जायंट्सवाल्याला आहे. त्याने फोन करून विचारलं, टेरीची रेसिपी मिळेल का.