आमची वाटचाल : एक सूत फट

गणपती पेठेतल्या काचेच्या गाळ्यातून कुपवाड एमआयडीसीच्या शेडमध्ये आम्ही कसे आलो, ते लांबवत नाही. आम्ही आवाज अडवणाऱ्या खिडक्या बनवतो. हिरकणीने काच कापली, लांबी भरली, पुढे डोमल सेक्शन, म्हणजे ॲल्युमिनियमच्या चौकटी आल्या, मग यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकच्या. या धंद्यात सगळ्यांचंच असं झालं. २०१९ च्या पुरात गाळ्यातला साठा भिजला. काचेला पाण्याने काय होतंय, असं लोक म्हणतात. उभ्या थप्पीत दोन काचांमध्ये पाणी अडकून राहिलं की पांढरे डाग धरतात आणि जुने झाले की पुसून जात नाहीत. बराच माल भंगारात गेला. तरी पुराने आम्ही बुडालो नसतो. बुडवायला निघाली होती ती एक पेटी.

सांगली-मिरज रस्त्यावर नवी शोरूम झाली. दारातच काचेची पेटी, आत हॉर्न. झाकण लावून क्लॅम्प आवळला की हॉर्न गप्प. बघणारा तिथेच ॲडव्हान्स द्यायचा. त्या पेटीला सरकती झडप नव्हती, काच चारही बाजूंनी रबरात दाबून बसवलेली होती, हे कोणी बघितलं नाही. घरी बसायची ती तीन ट्रॅकची सरकती खिडकी. तिच्यात ६-१२-६ ची डबल काच, म्हणजे दोन्हीकडे ६ मिमी काच आणि मध्ये १२ मिमी पोकळी, आणि झडपांना ब्रश. ब्रश धूळ अडवतो, आवाज नाही.

हिशेब साधा आहे. चार बाय चारच्या खिडकीची कड १६ फूट, म्हणजे १९२ इंच. तिच्याभोवती एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, फट राहिली तर २४ चौरस इंच झाली. खिडकीचं क्षेत्रफळ २३०४. म्हणजे फट जेमतेम एक टक्का, पण तेवढी असली की काच कितीही भारी घाला, २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडत नाही. साध्या ५ मिमी काचेची कुवत ३० च्या आसपास असते. म्हणजे फटीमुळे साधी काचसुद्धा वाया जाते, मग डबल काचेचे पैसे कशाला? दहा डेसिबल कमी झाले तर कानाला आवाज निम्मा वाटतो, यावरून काय हातचं जातं ते समजा.

दुसरी गोष्ट त्या शोरूमने कधी सांगितली नाही. ६-१२-६ च्या दोन काचा आणि मधली हवा मिळून दोनशे-अडीचशे हर्ट्झला एकसाथ हलतात, तिथे आवाज उलट आरपार येतो. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरचं इंजिन, वर त्याचा टेप, यांचा बराच जोर त्याच पट्ट्यात असतो. शिवाय दोन्ही काचा सारख्या जाडीच्या असल्या की त्या एकाच सुरावर कच खातात, म्हणजे तिथे आवाज जास्त आत सोडतात; ६ मिमीची काच दोन हजार हर्ट्झच्या सुमारास. म्हणून आम्ही एक काच ६ ची आणि दुसरी ४+४ लॅमिनेटेड, म्हणजे ४ मिमीच्या दोन काचा चिकटवलेली, मध्ये ०.७६ मिमीचा पीव्हीबी या प्लास्टिकचा थर, अशी जोडी देतो. सीलबंद झडपेत ती ३७-३८ डेसिबलपर्यंत जाते.

तेव्हा हे ऐकायला कोणी तयार नव्हतं. विश्रामबागच्या एका गृहप्रकल्पाचं काम आमच्याकडे ठरलेलं, सेक्शन आणि त्याच्या आत घालायची गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पट्टी खरेदी होऊन पडलेली. बिल्डर पेटी बघून आला आणि काम तिकडे गेलं. बँकेचं कॅश क्रेडिट काठोकाठ. आमचा वेल्डिंगवाला मुलगाही जास्त पगारावर तिकडेच गेला. त्याला आम्ही शिकवलं होतं की चौकटीचे कोपरे वितळवून जोडणारा तवा २४५ अंशांच्या आसपास हवा, कोपरा जुळताना प्रत्येक टोक सुमारे तीन मिमी जळतं, म्हणून तुकडा सहा मिमी जास्त कापायचा. व्होल्टेज पडलं, तवा गार झाला की जोड वरून छान दिसतो आणि झडप दोन उन्हाळे काढल्यावर कोपऱ्यात तडकते. तेव्हापासून त्या मशीनला वेगळा स्टॅबिलायझर आहे आणि दर बॅचचा एक कोपरा आम्ही मुद्दाम मोडून बघतो.

त्या काळात हात दिला तो मिरजेच्या रेल्वे लाइनीजवळ राहणाऱ्या एका निवृत्त गणिताच्या सरांनी. सागवानी खिडक्या काढायच्या नाहीत, ही त्यांची अट. भिंत जाड होती, म्हणून जुन्या झडपांच्या आत चार इंच जागा सोडून दुसरी खिडकी बसवली: ८ मिमी काच, उघडणारी झडप, कडेने ईपीडीएम रबराचं गॅस्केट, तीन ठिकाणी पकडणारं लॉक, आणि मधल्या पोकळीच्या कडांना फेल्ट. आज कोणी विचारलं तरी आम्ही आधी हेच सुचवतो. दुहेरी काचेच्या एका युनिटपेक्षा हे चार इंचांचं अंतर कितीतरी पुढे जातं. सर आजही नव्या गिऱ्हाइकाला घरात उभं करून गाडी येईपर्यंत थांबवतात आणि वर डेसिबल म्हणजे लॉगॅरिदम कसा, तेही समजावतात.

आता न विचारता चार गोष्टी. खिडकी बसवून झाल्यावर चौकट आणि भिंतीमधली फट नुसत्या फोमने भरून सोडू नका. फोम आवाजाला हलका पडतो. आधी पॅकिंग आणि अँकर, मग दाबून रॉकवूल (दगडी लोकर) किंवा फोम, आणि दोन्ही बाजूंनी बॅकर रॉडवर (फोमची गोल दोरी) सिलिकॉन. मिस्त्री बाहेरून फक्त प्लास्टरचा हात मारून मोकळा होतो, तो तसा होऊ देऊ नका. झडपेत कागदाची पट्टी धरून बंद करा. ओढल्यावर सरकली तर तिथे गॅस्केट दबलेलं नाही. वाऱ्याच्या दिवशी कडेने उदबत्ती फिरवा, धूर हलला की जागा सापडली. एसीच्या पाइपचं भोक, बाथरूमचे लुव्हर्स, एक्झॉस्टचा खड्डा आधी बघा. खिडकी उत्तम आणि बाजूला चार इंची भोक असं घर आम्ही रोज बघतो. लॅमिनेटेड जोडी चौरस मीटरला पस्तीस किलोच्या घरात जाते, तेव्हा फ्रिक्शन स्टे (झडप तोलणारी बिजागरीची पट्टी) त्या वजनाचा आहे का ते विचारा, नाहीतर झडप लोंबते आणि खालून एक सूत उघडते. गॅस्केटला खोबरेल लावू नका, सिलिकॉन स्प्रे मारा. रस्त्याकडच्या खोलीत हवा कुठून येणार, हे आधी ठरवा, नाहीतर महिन्यात खिडकी उघडीच राहील.

गणपतीतल्या डॉल्बीसाठी मात्र आमच्याकडे खिडकी नाही. तो बास भिंतीतून येतो.

ती पेटी अजून शोरूमच्या दारात आहे. कधी गेलात तर तिला आमची सरकती झडप लावून दाखवायला सांगा. झडप आम्ही फुकट देऊ.