आंदेनेसला स्पर्म व्हेल पाहिला, त्याआधी ऐकला

आपल्याकडे स्पर्म व्हेलचं नाव निघतं ते गुन्ह्याच्या बातमीत. ‘व्हेलच्या उलटीसह दोघे अटकेत’, आणि पुढे कोटींतली किंमत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतात अंबरग्रिसच्या, म्हणजे या तथाकथित उलटीच्या, व्यापाराला बंदी आहे, तरी या बातम्या थांबत नाहीत. ज्याच्या आतड्यात माकुलांच्या न पचलेल्या चोचींभोवती हा पदार्थ तयार होतो, तो प्राणी एकदा जिवंत पाहायचाच, असं कधीपासून मनात होतं. जुलैत आईला घेऊन नॉर्वेतल्या आंदेनेसला गेले.

आंदोया बेटाच्या उत्तर टोकावरचं हे छोटं गाव, साधारण ६९ अंश अक्षांशावर. १८५९ चं लाल दीपगृह बंदरात शिरण्याआधीच दिसतं. इथेच यायचं कारण समुद्राच्या तळात आहे. नॉर्वेच्या किनाऱ्याजवळचा उथळ समुद्र इथे अगदी अरुंद होतो, आणि बंदरातून निघालेली बोट साधारण तासाभरात ब्लेइकच्या दरीवर पोचते. तिथे पाण्याची खोली हजार मीटरच्या पुढे जाते. स्पर्म व्हेलला असंच खोल पाणी लागतं. येणारे सगळे नर. माद्या आणि पिल्लं दक्षिणेच्या उबदार समुद्रातच राहतात.

आमची सकाळची फेरी लाटांमुळे रद्द झाली. त्याची तयारी ठेवूनच यावं. आम्ही मुक्काम दोन रात्रींचा ठेवला होता, आणि त्या दिवसांत तिथे सूर्य मावळत नसल्यामुळे संध्याकाळच्या फेरीलाही लख्ख उजेड असतो. मधल्या वेळात व्हेलचा सांगाडा पाहिला. शरीराच्या एक तृतीयांश लांबीचं डोकं चित्रात कळत नाही, शेजारी उभं राहिलं की कळतं.

दुपारी वारा पडला आणि बोलावणं आलं. आईला बोट लागते, म्हणून निघायच्या तासभर आधी गोळी घेतली होती. वर पुण्याहून नेलेला आलेपाक होताच. मळमळायला लागल्यावर घेतलेली गोळी फारशी उपयोगी पडत नाही, हे लक्षात ठेवा. जुलै असला तरी टोपी, हातमोजे आणि वारा अडवणारं जाकीट लागतंच. बोटीच्या मध्यावर, उघड्या डेकवर, क्षितिजाकडे तोंड करून बसलात तर त्रास कमी होतो.

दरीवर पोचल्यावर कप्तानाने इंजिन बंद केलं आणि पाण्यात मायक्रोफोन सोडला. स्पीकरमधून आवाज आला: टक्, टक्, टक्. पलीकडच्या वाड्यात सुतार खिळे ठोकत असावा, तसा. स्पर्म व्हेल काळोखात या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य शोधतो. भक्ष्य जवळ आलं की ठोके इतके भरभर होतात की त्यांची करकर ऐकू येते. तेव्हा तो आमच्याखाली शेकडो मीटरवर शिकार करत होता आणि आम्ही ती ऐकत होतो. माझ्यासाठी सगळ्या प्रवासातली ही सर्वांत मोठी गोष्ट होती, शेपटीहूनही मोठी.

मग आवाज थांबला. गाइड मुलगी म्हणाली, “आता वर येतोय.” शिकार संपवून वर येताना तो टकटक बंद करतो. सगळे कठड्याशी गेले. दूरवर पाण्याचा फवारा उडाला, पुढे आणि डावीकडे झुकलेला. स्पर्म व्हेलची नाकपुडी डोक्याच्या डाव्या टोकाला असते, त्यामुळे फवाऱ्यावरूनच ओळख पटते. बोट मागच्या बाजूने हळूहळू सरकली.

तो नुसता पडून होता. सुरकुतलेली तपकिरी पाठ, आणि मोठ्याने सोडलेले श्वास. पुढच्या बुडीसाठी रक्तात आणि स्नायूंत प्राणवायू साठवत होता. ती बुडी अर्ध्या तासाहून जास्त चालते. आई हात जोडून उभी होती. मला म्हणाली, “काय शांत जीव आहे गं! याच्या पोटातल्या खड्यासाठी माणसं तुरुंगात जातात?” मला उत्तर सुचलं नाही. तेवढ्यात पाठ कमानदार झाली, शेपूट सरळ वर उभी राहिली आणि पाण्यात गेली.

गाइडने शेपटीच्या खालच्या बाजूचा फोटो घेतला. कडेवरच्या खाचांवरून प्रत्येक नर वेगळा ओळखता येतो, आणि काही नर वर्षानुवर्षं याच दरीवर परततात. आमच्या फेरीत आणखी एक दिसला, पण लांबून. परतताना ब्लेइकसोयाच्या खडकाजवळ पफिन पक्ष्यांचे थवे होते. वेळ असेल तर त्यांच्यासाठी वेगळी फेरी घ्यावी.

उड्या मारणारे व्हेल पाहायचे असतील तर आंदेनेसची उन्हाळी फेरी निवडू नका. हेरिंग माशांमागे येणारे ओर्का आणि हंपबॅक पाहायला लोक नोव्हेंबरपासून ट्रोम्सोच्या उत्तरेकडच्या शेर्वोयला जातात. तिथे त्या वेळी दिवसाला जेमतेम काही तास उजेड असतो. आईसारख्या थंडी सोसवत नसलेल्या माणसाला मी तिकडे नेणार नाही. आंदेनेसला मात्र पुन्हा नेईन, आणि या वेळी तीन रात्रींसाठी.