सही त्याचीच हवी होती

मी सोलापुरात मानसोपचार विभागात सायकॉलॉजिस्ट आहे. सध्या आमच्याकडे टीडीसीएसची ट्रायल चालूय, म्हणजे मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्याला बांधायचे आणि 20 मिनिटं 2 मिलिअँपिअर एवढाच करंट सोडायचा. स्किझोफ्रेनियात औषधं चालू असूनही ज्यांना कानात आवाज येतच राहतात त्यांच्यासाठी. डाव्या कानाच्या वर-मागे बोलणं समजून घेणारा भाग असतो, आवाज येताना तो जास्तच चालू असतो असं मानतात, त्याला जरा शांत करायचं आणि कपाळामागच्या भागाला जागं करायचं, अशी कल्पना.

गेल्या महिन्यात विडी घरकुलातून, म्हणजे विडी कामगार बायकांच्या वसाहतीतून, एक मावशी मुलाला घेऊन आल्या. मुलगा तिशीचा, आधी टॉवेलच्या कारखान्यात होता. त्याच्या कानात दोन बायका तेलुगूत आपसात बोलतात, हा आता उठला, हा आता पाणी प्यायला, दिवसभर हेच. बाकीच्या औषधांनी गुण येत नाही तेव्हा देतात ते क्लोझापिनसुद्धा देऊन झालंय. मावशींनी पहिलं विचारलं, शॉक देणार का. म्हटलं नाही ओ, शॉकला भूल देतात, फिट आणतात, इथं तो जागाच असतो, आपल्याशी बोलत बसतो.

मग मी सांगितलं की निम्म्या पेशंटना खोटं करंट मिळणार, सुरुवातीला अर्धा मिनिट चालू आणि मग बंद, आणि कुणाला कुठलं ते मलाही माहीत नसणार. मावशी चिडल्याच. "लेकराला खोटं देऊन कशाला बसवालाव ओ?" बरोबरच आहे, बाबा-बुवा, गंडेदोरे, सगळीकडं शंभर टक्के गुण येतो ऐकूनच या बाईनं पैसे घालवलेत. पण म्हणूनच मला हे करायचंय. 2012 ला फ्रान्समधे 30 पेशंटवर केलं तेव्हा आवाज बरेच कमी झाले, नंतरच्या काही अभ्यासांत खऱ्या-खोट्यात फरकच दिसला नाही. नुसती आशा आणि रोज कुणीतरी आपुलकीनं विचारपूस करतंय यानंसुद्धा माणसाला बरं वाटतं, मग मशीनचं काम किती हे कळणार कसं? मावशी जरा वेळ गप्प, मग म्हणाल्या, विड्या तपासणाऱ्याला कुणाच्या विड्या हायत ते कळू नये, तसंच की. अगदी तसंच!

फॉर्म पुढं केला आणि मुलगा थांबला. म्हणाला, "त्या नको म्हणाल्यात, फसवतील म्हणाल्यात." त्या म्हणजे कानातल्या दोन बायका. मावशींनी पेन घेतलं, मी करते सही. नाही चालत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रिसर्चला पेशंटची स्वतःची संमती लागते, आणि कायदा नसता तरी मी घेतली नसती, आवाजांनी त्याचं एवढं हिरावलंय, निदान हा निर्णय तरी त्याचा असू दे. त्याला विचारलं, त्यांचं राहू दे, तुला काय वाटतं? म्हणाला कळत नाही. मग फॉर्म घरी दिला, घाई नाही म्हटलं, नाही आलास तरी तुझी ट्रीटमेंट आहे तशीच चालू राहणार. मावशी फार नाराज होऊन गेल्या, मलाही घरी जाताना चैन नव्हतं.

पुढच्या आठवड्यात आला. विचारलं, मला खोटं आलं तर नंतर खरं देणार का? हो, ट्रायल संपल्यावर देणार, तसं फॉर्ममधे लिहिलंयच. "त्या अजून नकोच म्हणालेत, पण मला करायचंय," म्हणाला आणि सही केली.

स्पंज बांधल्यावर खाजतंय म्हणाला. खोट्यातही सुरुवातीला खाजतंच, त्यामुळे त्यावरून काही कळत नाही. त्याच्या आवाजांचं रेटिंग मीच करतेय, कुणाला खरं, कुणाला खोटं याचा कोड उघडेपर्यंत मला कळताही कामा नये.