अमावस्या, सडा आणि बोटींचा नसलेला उजेड

शिमगा आटपला की पुढची अमावस्या आमच्या आकाशदर्शनाच्या ग्रुपसाठी राखीव असते. मार्चमधल्या अमावस्येच्या आसपास एका रात्रीत मेसिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाच्या यादीतले सगळेच्या सगळे 110 तेजोमेघ, तारकागुच्छ, दीर्घिका वगैरे बघता येतात (म्हणजे येऊ शकतात, मला आजवर जमलेलं नाही), त्याला मेसिए मॅरेथॉन म्हणतात. यंदा देवगड तालुक्यातल्या एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, गेलो होतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, नाहीतर पुढच्या वर्षी तिथे स्पीकर घेऊन लोक हजर.

आम्ही 14 जण, 3 गाड्या, 4 टेलिस्कोप. दुपारी वाटेत विजयदुर्गला थांबलो कारण तिथले साहेबाचे ओटे बघायचेच होते. 18 ऑगस्ट 1868 चं खग्रास सूर्यग्रहण बघायला तिथे गोऱ्या साहेबांनी दुर्बिणी लावल्या होत्या असं सांगतात आणि हेलियम इथेच सापडला असंही सांगतात. हे दुसरं मात्र खरं नाही. हेलियमच्या शोधात ज्या दोन खगोलशास्त्रज्ञांची नावं घेतात, त्यातला जान्सन हा फ्रेंच माणूस त्या ग्रहणात गुंटूरला होता, आणि दुसऱ्या लॉकियरने सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेघ ऑक्टोबरमध्ये इंग्लंडात बसून पाहिली. गंमत म्हणजे ती रेघ आधी सोडियमची समजली गेली होती. हे सगळं मी ओट्यावर उभं राहून मोठ्या रुबाबात सगळ्यांना ऐकवलं, त्याची फेड रात्री झाली, ते पुढे येईलच.

ज्यांच्या घरी उतरलो त्या काकांना आमचा बेत अजिबात पसंत नव्हता. "आवसेच्या रातीक सड्यार कोण जाता काय?" काकींनी ओल्या काजूगरांची उसळ आणि घावणे असे काही वाढले होते की खरंतर मलाही जावंसं वाटेना. शेवटी काका स्वतःच नारळ घेऊन आमच्याबरोबर वर आले आणि कातळाच्या कडेला एका दगडासमोर उभं राहून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ही पोरां मुंबय-पुण्यासून इली हत, हेंची दुर्बीण नीट चलांदे, जनावराचो वगैरे तरास जो काय आसात तो दूर कर रे म्हाराजा!" आणि आम्ही 14 जण इंजिनियर, डॉक्टर, बँकवाले एका सुरात "व्हय म्हाराजा!"

पावणेआठला अंधार पडला. कातळ अजून दिवसभराच्या उन्हाने कोमट होता, त्यावर चटई टाकून पाठ टेकली की गरम पाण्याच्या पिशवीवर झोपल्यासारखं वाटतं. टॉर्चवर पतंगाचा लाल कागद रबरबँडने लावलेला, कारण डोळा अंधाराला सरावायला 20-30 मिनिटं लागतात आणि एक पांढरा झोत पडला की सगळं पहिल्यापासून. त्यात एकाने स्वेटर काढायला गाडीचं दार उघडलं, आतला दिवा लागला आणि त्याला ज्या शिव्या पडल्या त्या इथे लिहीत नाही.

समुद्रावर क्षितिजाला बोटींच्या दिव्यांची रांग होती. एलईडी लावून मासेमारीला 2017 पासून केंद्राची बंदी आहे, तरी ही रांग होतीच, आणि तिच्या वर पश्चिमेला पांढुरका उजेड पार कृत्तिकांपर्यंत चढलेला. मी वैतागलो. एवढं साडेतीनशे-चारशे किलोमीटर गाडी हाणत यायचं आणि इथेही लाईट पोल्युशन! मी बोटींवर भाषण ठोकत होतो तेवढ्यात शेजारच्या चटईवरची बारावीतली मुलगी म्हणाली, "दादा, बोटींचा उजेड खाली आडवा पसरलाय बघा. हा उभा आहे, खाली रुंद, वर निमुळता. बोटींचा असा कसा असेल?"

बघितलं तर खरंच सुळका. राशिचक्राच्या रेषेत जवळजवळ सरळ उभा. झोडियाकल लाईट! सूर्यमालेच्या पातळीत ग्रहांच्या मधल्या जागेत बारीक धूळ पसरलेली आहे, तिच्यावर पडलेलं ऊन आपल्याला सूर्य मावळून अंधार झाल्यावरही दिसतं, आणि मार्चच्या संध्याकाळी राशिचक्र पश्चिमेला ताठ उभं असतं म्हणून तेव्हा सगळ्यात छान. क्वीन बँडच्या ब्रायन मेने पीएचडी केली ती याच धुळीवर, सत्तरच्या दशकात अर्धवट सोडून 2007 मध्ये पूर्ण केली, हे मला पाठ होतं. पण समोर उभा असताना ओळखता आला नाही. तो सुळका विरेपर्यंत मी यादीला हात लावला नाही, त्यात माझे 2-3 मेसिए बुडाले ते बुडालेच.

पुढची रात्र भराभर सांगतो. अगस्ती, मृगातला तेजोमेघ, मघाच्या आसपासच्या दीर्घिका, माझी गाडी 41 वर. एकच्या सुमारास दक्षिणेला त्रिशंकू तारकासमूह सरळ उभा राहिला, खालचा तारा क्षितिजापासून जेमतेम 10 अंश, म्हणजे हात लांब करून मूठ धरली तर तेवढाच वर. आणि अडीचच्या आसपास दंव. गाऱ्हाण्यात जनावराचं सांगितलं, दंवाचं राहिलं. माझ्या 8 इंची डॉबसोनियन दुर्बिणीचा छोटा आरसा धुरकट झाला, आयपीस (डोळा लावायचं भिंग) पुसला की परत ओला, हेअर ड्रायर पुण्यात कपाटात. मॅरेथॉन तिथेच बसली.

मग नुसत्या बायनॉक्युलरने चित्रा ताऱ्यापासून सरळ खाली खाली येत ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ पकडला. साधारण 17 हजार प्रकाशवर्षांवर, कोटीभर तारे, आणि दिसतो कसा, तर काचेवर कुणी तोंडाची वाफ सोडावी तसा गोल डाग. दोनदा काच पुसून बघितली, डाग जागचा हलला नाही.

सकाळी ओल्या ताडपत्र्या गुंडाळून खाली आलो. काकांनी चहा देता देता विचारलं काय दिसलं, तर मी हौसेने त्या सुळक्याचं सांगितलं.

"ता? ता मी किती वर्सां बघतंय. बोटीचो उजेड तो."

म्हटलं नाही काका, ती धूळ आहे, आभाळातली.

काकांनी बशीतला चहा संपवला. "धूळ? एवढ्या वर? मगे झाडतलो कोण?"