आता परवडतं की!

तेलाची पिशवी रिकामी झाली असं नेमकं कधी म्हणायचं यावर आमच्या घराण्यात एकमत नाहीये. माझ्या मते डब्यात ओतली, धार तुटली, की झाली. माझ्या आत्याच्या मते खरं काम तिथून पुढे सुरू होतं. ती पिशवी आधी रात्रभर बरणीवर उलटी टांगलेली राहते, सकाळी आत्या कात्री घेऊन तिच्या कडा कापते, पिशवी सपाट उघडून परातीत पसरते, वर मूठभर कणीक भुरभुरवते आणि बोटांनी अशी पुसते की शेवटी प्लास्टिक करकर वाजायला लागतं. वाजलं की झालं. मग ती कणीक पोळ्यांच्या कणकेत जाते, आणि प्लास्टिक साबणानं धुऊन खिडकीत वाळत पडतं, कारण साबुदाणावडे थापायला ते बरं पडतं म्हणे.

हे सगळं ती करते ठाण्यात, घोडबंदर रोडला, एका टॉवरमध्ये बऱ्याच वरच्या मजल्यावर, मॉड्युलर किचनमध्ये. मुलगा आयटीत, सून बँकेत, दोघांचे पगार चांगले. तेलाच्या पिशव्या पुसून वर्षभरात जेवढं वाचत असेल तेवढे पैसे एका रविवारी पिझ्झ्यावर जातात. सून चांगली आहे, वाद घालत नाही, फक्त मधूनमधून म्हणते, "आई, आता परवडतं की!"

आणि आत्या म्हणते, "परवडतंय म्हणून तर करतेय. तेव्हा कुठं होती पिशवी पुसायला? तेल सुटं आणायचो, पावशेर, बाटली घेऊन."

मला हे उत्तर फार आवडलं. कारण आपण सगळे उलटं धरून चालतो, की पैसे नसले की माणूस काटकसर करतो आणि पैसे आले की सोडतो. पण पैसेच नसतात तेव्हा करतो त्याला काटकसर कशी म्हणणार, तिथे ठरवायला काही शिल्लकच नसतं. दुकानात दोन साबण समोर आहेत, दोन्ही घेता येतात, आणि तरी तुम्ही साधा उचलता, ती झाली काटकसर.

आत्याचं तेव्हा म्हणजे १९८२. मामा (आमच्या साताऱ्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात) गिरणीत साचे खात्यात, म्हणजे कापड विणायच्या विभागात होते. १८ जानेवारीला डॉक्टर दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि सगळ्यांना वाटलं महिना, फार तर दोन महिने. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, नुसता विरत गेला. काही गिरण्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा सगळ्यांना परत घेतलं नाही, काही उघडल्याच नाहीत. लालबागच्या चाळीतली निम्मी बिऱ्हाडं बायकापोरांना गावाकडे सोडून आली. आत्या गेली नाही, कारण मोठा मुलगा दुसरीत होता आणि तिला शाळा मोडायची नव्हती. मग तिनं पापड लाटायला घेतले, लिज्जतचे. १९५९ साली गिरगावातल्या सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन काढलेली ती संस्था तोवर चांगली मोठी झाली होती. सकाळी केंद्रावर जाऊन तयार पीठ आणायचं, घरी लाटायचं, वाळवायचं, दुसऱ्या दिवशी वजन करून द्यायचे, हातात पैसे. गिरणगावातल्या किती घरांच्या चुली तेव्हा बायकांच्या असल्या कामांवर पेटत होत्या, आणि संपाच्या गोष्टी सांगताना मात्र नेहमी मोर्चेच येतात पुढे.

त्या काळातल्या उपासमारीबद्दल आत्या फारसं बोलत नाही. बोलते ती साखरेच्या वाटीबद्दल. शेजारच्या काकूंकडून वाटीभर साखर आणली की परत देताना ती शिगोशीग भरून द्यायची, आणली होती त्यापेक्षा चिमूटभर जास्तच, आणि सांगितलेल्या दिवशीच. त्या दिवशी घरात चहा बिनसाखरेचा झाला तरी चालेल पण वाटी वेळेवर गेली पाहिजे. "एकदा का वाटी राहिली ना, की दुसऱ्यांदा मागायला गेल्यावर समोरच्याचं तोंड बघावं लागतं," असं ती म्हणते. मला वाटतं सगळं इथे आहे. तिला साखर वाचवायची नव्हतीच कधी, तिला ते तोंड बघायचं नव्हतं. आजसुद्धा ती जे काय वाचवते ते पैशासाठी नाही, कुणापुढे हात पसरावा लागू नये याची ती तजवीज आहे, आणि ज्यानं एकदा पसरलाय त्यालाच त्याची किंमत ठाऊक. बाकी आपण सगळे "सेव्हिंग करायला पाहिजे यार" म्हणत पुढचा ईएमआय घेतो.

उलरिके माल्मेंडियर म्हणून एक जर्मन अर्थतज्ज्ञ बाई आहेत, अमेरिकेत बर्कलीला शिकवतात, त्यांनी लेस्ली शेन यांच्याबरोबर नेमका यावरच अभ्यास केलाय. ज्यांनी आयुष्यात बेकारीचे दिवस जास्त पाहिलेत ती माणसं पुढे कमाई सुधारल्यावरही बरीच वर्षं हात आखडूनच खर्च करतात, कूपनं वापरतात, सेलमधलं घेतात, आणि त्यामुळे त्यांच्याकडे पैसा साठतोही जास्त. वर गंमत म्हणजे त्यांना भविष्याची जेवढी काळजी वाटत असते तेवढं वाईट प्रत्यक्षात होत नाही. मी हे आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "एवढ्यासाठी कॉलेज काढलंय?"

परिस्थिती खाली येते तेव्हाची गोष्ट जरा वेगळी असते. आमच्या खालच्या मजल्यावरचे एक काका २००१ साली सरकारी बँकेतून व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. तेव्हा एकूण लाखभर बँकवाले असे बाहेर पडले होते. पैसे एकरकमी आले, काकांनी ते मुदत ठेवीत टाकले, तेव्हा व्याज नऊ टक्क्यांच्या आसपास होतं आणि त्यात दोघांचं मजेत भागत होतं. मग व्याजाचा दर उतरत गेला, मधे थोडा वर यायचा, पुन्हा खाली, २०२० साली तर साडेपाचच्या आसपास आला. काकांनी काय केलं, तर दर खाली आला की एकेक गोष्ट स्वतःहून बंद केली, कुणी सांगायच्या आत. तीन पेपर यायचे ते एकावर आणले आणि बाकीचे दोन मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन वाचायला लागले. ठाण्यातली ही संस्था १८९३ सालची आहे, "एवढ्या वर्षांत लोकांनी तिथं फुकट पेपरच वाचलेत, मी काही पहिला नाही" हे वर. त्यांच्या फ्रीजच्या मागे कागद चिकटवलेला असतो, त्यावर रोजचं मीटर रीडिंग. शंभर युनिटच्या आत महिना काढायचा, कारण महावितरणच्या बिलात शंभराच्या पुढच्या प्रत्येक युनिटला दुपटीच्या आसपास दर लागतो. महिनाअखेर अठ्ठ्याण्णव युनिट झाले असले की काका जिंकलेल्या कॅप्टनसारखे जिन्यात भेटतात. आता मला सांगा, यात बिचारेपणा कुठे आहे? कुणी तरी येऊन कापून नेण्याआधी आपणच कापायचं आणि कुठून कापायचं ते आपण ठरवायचं, एवढाच त्यातला डाव. नोकरीत बिचाऱ्यांना बदली कुठे व्हावी हेसुद्धा ठरवता आलं नव्हतं.

माझ्या मैत्रिणीच्या घरी लॉकडाऊनमध्ये नवऱ्याचा पगार निम्म्यावर आला, आणि वर्षभरानं पूर्ववतही झाला. पगार परत आला पण सगळे खर्च काही परत आले नाहीत. हे असं सहसा होत नाही, खर्च एकदा वर चढला की खाली यायला फार कुरकुरतो. पण त्यांना सक्तीनं उतरवलं होतं ना, मग पुन्हा चढताना ते एकेक पायरी बघून चढले. दुसरी गाडी विकली होती ती घेतलीच नाही. मॉल सुटला तो सुटलाच, कुणाला आठवणसुद्धा आली नाही. हापूसची पेटी मात्र पहिल्या सीझनला आली, आणि नाटकं. ती म्हणते आम्हाला कळलंच नव्हतं की आम्हाला मॉल आवडतच नव्हता, आम्ही पार्किंग शोधायलाच जात होतो बहुतेक.

इथे कुणीतरी म्हणणारच की याला चिक्कूपणा म्हणतात सरळ. नाही हो. चिक्कू माणूस दुसऱ्याच्या ताटात हात आखडतो. आत्याकडे जाऊन बघा, पाव्हण्याला आग्रह करून करून चौथी पुरणपोळी वाढेल, त्यावर तूप असं की ताटाबाहेर ओघळ. कामवाल्या मावशींच्या मुलीची नर्सिंगची फी तिनं भरलीय, ते आम्हाला फार उशिरा कळलं आणि तेही मावशींकडून. साडी मात्र स्वतःला घेताना दुकानदाराला इतके गठ्ठे उलगडायला लावते आणि शेवटी "बघते" म्हणून उठते की बरोबर जायला आमच्यात कुणी तयार नसतं.

पण सगळंच काही कौतुकाचं नाहीये. मागच्या वर्षी तिला चक्कर आली, डॉक्टरकडे नेलं तर बीपी हे एवढं वाढलेलं. गोळ्या चालू आहेत ना? आहेत की. मग सुनेनं स्ट्रिप्स मोजल्या, तेव्हा कळलं की बाई एकाआड एक दिवस गोळी घेतायत. "बरं वाटत होतं म्हणून." गोळ्या पुरवून वापरत होती, मुलाच्या इन्शुरन्समध्ये आणि पगारात बसत असताना! भर उन्हात मार्केटमधून दोन पिशव्या घेऊन चालत येते, गुडघे बोंबलतात, शेअर रिक्षा करत नाही. हे मला पटत नाही. ही टुकीनं संसार करण्यातली काटकसर नाहीच, इथे १९८२ साल अजून तिच्या मानगुटीवर बसलेलं आहे. तेल पुसते तेव्हा ती खुशीत असते, गाणं गुणगुणत असते, आणि गोळी चुकवते तेव्हा गुपचूप चुकवते. गुपचूप चाललेलं असलं की समजायचं ही आवडीची काटकसर नव्हे. आता सून रोज सकाळी चहाबरोबर गोळी हातात देते आणि गिळेपर्यंत समोर उभी राहते, पोलिओ डोस देतात तशी.

हल्ली तरुण मुलंमुली साधं राहायचं म्हणून ठरवून घर रिकामं करतात, भिंती पांढऱ्या, कपाटात मोजके कपडे, त्याचे व्हिडिओ. मला त्याबद्दल काही तक्रार नाही, पण त्यातली बरीचशी माणसं आधी होतं ते सगळं फेकून देतात आणि मग त्या साध्या राहणीला शोभेल असं बांबूचं नि काचेचं नवीन सामान मागवतात. सुनेनं एकदा हे मनावर घेतलं होतं. तिनं स्वयंपाकघरातले जुने डबे, श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे, एक मोठं पोतं भरून दारात ठेवले, भंगारवाला दुपारी येणार होता. भंगारवाला आला आणि रिकाम्या हातानं गेला. ते डबे आता माळ्यावर आहेत, धान्य पाखडून त्यात भरलंय, वर चिकटपट्टीवर आत्याच्या अक्षरात "मूग २", "मूग ३". मूग १ कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही.

तिचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, या सगळ्यावर हसतो. आईला "आता परवडतं की" म्हणण्यात बायकोच्या बाजूनं तोच पुढे असतो. संपाच्या वेळी दुसरीत होता तोच हा, शाळा मोडू नये म्हणून आत्या मुंबईत राहिली तो. त्याला ते दिवस आठवत नाहीत असं तो म्हणतो, फक्त डब्यात सारखे पापडाचे तुकडे असायचे तेवढं आठवतं, मोडलेले, वजनात न धरलेले. गेल्या दिवाळीत त्यानं जुनी गाडी बदलायला काढली होती, शोरूमला जाऊन आला, टेस्ट ड्राइव्ह घेतली, रंगसुद्धा ठरला, आणि त्याच आठवड्यात त्याच्या ऑफिसात त्याच्या रांगेतली काही टेबलं रिकामी झाली. त्याचं स्वतःचं काही नाही, त्याला उलट चांगलं रेटिंग मिळालंय. पण गाडीचे पैसे त्यानं गुपचूप एफडीत टाकले, आणि बायकोला सांगितलंय की नवीन मॉडेल येणार आहे, थांबू जरा.

तिला हे माहीत नव्हतं. आता वाचेलच.