एपकॉटमध्ये जेवायचं कुठे? आई-बाबांना घेऊन केलेली फेरी

अमेरिकेतल्या ऑरलँडोच्या एपकॉटला, म्हणजे डिस्नेच्या थीम पार्कला, जायचं ठरलं तेव्हा मला खरी काळजी होती ती जेवणाची. साताऱ्याहून आलेले आई-बाबा, आठ वर्षांची लेक आणि आम्ही दोघं. आई पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. बाबांना सगळं चालतं, पण गुडघ्यामुळे सलग चालवत नाही आणि दीडच्या ठोक्याला पानावर बसायची आयुष्यभराची सवय. लेकीला भूक लागली की दम निघत नाही. आम्ही तिथे दोन दिवस काढले. पहिल्या दिवशी माझ्या नियोजनामुळे सगळ्यांचे हाल झाले, म्हणून आधी तेच सांगते.

एपकॉट १९८२ साली सुरू झालं. त्याच्या मागच्या भागात मोठं तळं आहे आणि तळ्याभोवती ११ देश वसवले आहेत. डावीकडून निघालं की मेक्सिको, नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली, अमेरिका, जपान, मोरोक्को, फ्रान्स, ब्रिटन आणि कॅनडा. भारत नाही, आईने दोनदा विचारून खात्री करून घेतली. प्रत्येक देशात त्या-त्या पद्धतीचं खाणं मिळतं. पूर्ण फेरी जवळजवळ दोन किलोमीटरची, आणि हा भाग साधारणपणे सकाळी ११ ला उघडतो.

मी घरी बसून सगळे मेन्यू वाचले, फ्रान्स मनात भरला आणि तिथेच जेवायचं ठरवलं. पण आम्ही चालायला लागलो मेक्सिकोपासून, म्हणजे फ्रान्सचा नंबर नववा! दीड वाजला तेव्हा आम्ही जेमतेम जर्मनीत होतो. बाबा गुडघा धरून बाकावर बसले, लेक रडवेली झाली. आरक्षण केलेलं नव्हतं, त्यामुळे बसून जेवायला आसपास कुठेच लगेच जागा मिळेना. आईने पर्समधली राजगिऱ्याची चिक्की काढून सगळ्यांना वाटली, तेच त्या दिवशीचं जेवण म्हणायचं.

म्हणून माझं पहिलं सांगणं: मेन्यू नंतर बघा, आधी नकाशा आणि घड्याळ बघा. तुमच्या घरच्यांना भूक किती वाजता लागते आणि त्या वेळी तुम्ही कुठल्या देशात असाल, एवढं ठरलं की निम्मं काम झालं. बसून जेवायच्या जागांचं आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं. दिवसातून एकच जेवण असं टेबलावर ठेवा, तेही दुपारच्या उन्हाच्या वेळी. वातानुकूलित जागेत तासभर पायांना आराम देत बसायला मिळतं, आणि ज्येष्ठांसाठी त्याची किंमत पदार्थांपेक्षा जास्त आहे.

दुसऱ्या दिवशी सव्वा वाजताचं टेबल इटलीतल्या व्हिया नापोली या रेस्टॉरंटमध्ये घेतलं. इटली पाचवी, त्यामुळे रमतगमत वेळेवर पोचलो. तिथे लाकडावर पेटवलेल्या तीन भट्ट्या आहेत आणि त्यांना एटना, व्हेसुव्हियो, स्ट्रोम्बोली या ज्वालामुखींची नावं दिली आहेत. मोठा मार्गरिता पिझ्झा मागवा आणि सगळ्यांनी मिळून खा, वेगवेगळं मागवण्यापेक्षा ते परवडतं. आईने दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा स्वतःहून मागितला, तेव्हा मला किती बरं वाटलं!

त्याआधी नॉर्वेच्या बेकरीत थांबलो होतो. तिथला स्कूल ब्रेड चुकवू नका. मऊ गोल बन, मधोमध पिवळं कस्टर्ड, वर साखरेचा लेप आणि त्यावर भाजलेलं खोबरं. बाबांनी पहिला घास घेतला, थांबले, आणि म्हणाले, "अगं, यात वेलदोडा आहे!" खोबरं आणि वेलदोडा, थेट करंजीचं सारण. इतक्या लांबच्या देशाच्या पावात तो वास यावा याचं त्यांना दिवसभर अप्रूप वाटत होतं. कस्टर्डमध्ये अंडं असतं, म्हणून आईला नुसता वासच मिळाला. तिला जपानच्या दारातला काकिगोरी दिला. तो आपला बर्फाचा गोळाच, फक्त काडीऐवजी कपात.

शाकाहारी लोकांनी नुसतं "व्हेज" म्हणून भागत नाही. अंडं, मासे, चिकनचं पाणी, चरबी, जिलेटिन यांची नावं घेऊन एकेक विचारा. जपानी मिसो सूप दिसायला साधं असतं, पण सहसा माशाच्या पाण्यात करतात. जपानमधल्या टेप्पान इडो या रेस्टॉरंटमध्ये समोरच्या तव्यावर शिजवून देतात, तो सोहळा बघण्यासारखा आहे, पण त्याच तव्यावर मांसही शिजतं. ज्यांना ते चालत नाही त्यांनी आधीच ठरवा. मेन्यूवर छोटं पान काढलेलं असेल तर त्या पदार्थात मांस, दूध, अंडं, मध यातलं काही नसतं. आईसाठी तीच खूण आम्ही शोधत राहिलो.

घरचं खाणं आत नेता येतं. आम्ही दशम्या आणि कोरडी चटणी नेली होती. काचेचं काही चालत नाही, तेव्हा लोणचं प्लास्टिकच्या डबीत भरा. पाणी विकत घेऊ नका, काउंटरवर बर्फ घातलेल्या पाण्याचा पेला मागितला की फुकट देतात. काउंटरवरची ऑर्डर फोनवरच्या ॲपमधून आधीच नोंदवून ठेवा, रांग टळते. आणि चालवेना झालं तर तळ्यातून बोट जाते, जर्मनी आणि मोरोक्कोजवळ तिचे धक्के आहेत. बाबांना आम्ही तसंच परत आणलं.

आईची भारताची हौस तिसऱ्या दिवशी फिटली, तीही पार्काबाहेर. डिस्नेच्याच ॲनिमल किंगडम लॉज या हॉटेलच्या किदानी व्हिलेज भागात सना नावाचं रेस्टॉरंट आहे, तिथे जायला पार्काचं तिकीट लागत नाही. तिथली ब्रेड सर्व्हिस मागवा: पाच प्रकारच्या नान-रोट्या आणि सोबत नऊ वाट्या, चटण्या, रायतं, लोणचं. आईने प्रत्येक वाटीत बोट बुडवून चव पाहिली आणि लोणच्याची वाटी स्वतःकडे ओढून घेतली. खिडकीबाहेरच्या कुरणात जिराफ चरत होते. टेबल मात्र सूर्यास्ताच्या तासभर तरी आधीचं घ्या. अंधार पडला की बाहेरचं काही दिसत नाही.